कॅन्सरच्या जनुकीय चाचणीचा अनुभव, कोल्हापूर : रक्त नीट काढलं, संमतीपत्र मात्र अर्धवट

माझी धाकटी बहीण गडहिंग्लजला असते. तिला ५६व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर निघाला. आमची आई पोटाच्या कॅन्सरने गेली असं आम्ही आयुष्यभर सांगत आलो होतो. बहिणीच्या डॉक्टरांनी ट्रंकेतले जुने कागद मागवून बघितले आणि म्हणाले, हा अंडाशयाचा कॅन्सर होता. मग बहिणीची जनुकीय चाचणी झाली आणि बीआरसीए-१ या जनुकात दोष सापडला. आईत किंवा वडिलांत हा दोष असला की प्रत्येक मुलामुलीकडे तो जाण्याची शक्यता निम्मी. म्हणजे मला निम्मी, बहिणीच्या दोन्ही मुलींनाही निम्मी. ज्या बाईत हा दोष असतो तिला आयुष्यात स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता साधारण ६० ते ७० टक्के असते. डॉक्टर मला म्हणाले, "ताई, तुम्ही थांबू नका."

म्हणून राजारामपुरीतल्या एका सेंटरवर मी ही चाचणी करून घेतली. सेंटरचं नाव लिहीत नाही. नंतर गावातल्या आणखी दोन ठिकाणचे फॉर्म आणून वाचले, त्यांतही थोड्याफार फरकाने तेच वाक्य होतं. एकट्याच्या डोक्यावर खापर फोडणं मला पटत नाही.

आधी चांगलं ते सांगते. सकाळी साडेनऊची वेळ दिली होती, नऊ चाळीसला आत घेतलं. माझ्या हाताची शीर सापडत नाही, दवाखान्यात नेहमी दोन-तीनदा टोचून घ्यावं लागतं. इथल्या मुलाने "काकू, मूठ आवळा" म्हणून एकाच वेळेस रक्त काढलं. जांभळ्या टोपणाच्या नळीवर माझ्यासमोर नाव, वय, तारीख लिहिली, मोठ्याने वाचून दाखवली, बारकोडचं एक लेबल नळीवर आणि एक फॉर्मवर लावलं. मी २९ वर्षं कोर्टात नोकरी केली, त्यातली ११ मुद्देमाल विभागात गेली. डोळ्यादेखत लेबल लागलं की माझा जीव भांड्यात पडतो. त्या पोराने आपलं काम चोख केलं.

पैशांचं सांगते, कारण त्यात माझे साडेअकरा हजार वाचले. काउंटरवर मला आधी १८,००० रुपयांचं मोठं पॅनल सांगितलं. त्यात बऱ्याच जनुकांची तपासणी असते. मी समुपदेशकाशी बोलल्याशिवाय पैसे भरत नाही म्हटलं. व्हिडिओ कॉलवर पुण्याची एक मुलगी आली, स्वच्छ मराठीत ४० मिनिटं बोलली. तिने बहिणीचा रिपोर्ट मागितला आणि सांगितलं, घरातला दोष नेमका कुठे आहे हे माहीत असेल तर तुमची तेवढी एकच जागा तपासली तरी पुरतं. त्याचे ६,५०० झाले. तेव्हा कुणी जाणार असाल तर घरातल्या आजारी माणसाचा रिपोर्ट सोबत न्या आणि एका जागेची चाचणी मागा. पैसे वाचतातच, आणि नको ती माहिती तयारही होत नाही. हा दुसरा फायदा मला त्या दिवशी कळला नव्हता, फॉर्म वाचल्यावर कळला.

त्या मुलीने तीन पिढ्यांची वंशावळ काढली. नात्यात लग्नं झाली आहेत का, असं विचारलं. आमच्यात झाली आहेत. माझ्या थोरल्या भावाची बायको आमच्या मामाचीच मुलगी. दोष आईकडून आला असेल तर तो मामाकडेही असू शकतो, मामाकडून वहिनीकडे, म्हणजे भाच्यांकडे दोन्ही बाजूंनी वाट. कागदावरच्या रेघा बघताना माझ्या लक्षात आलं की नळीत रक्त माझं असलं तरी त्यात दोन घरं आहेत. वहिनीला कुणी विचारलेलं नव्हतं. मीही नव्हतं विचारलं. त्या संध्याकाळी मी तिच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं.

रिपोर्ट २१ दिवसांत देतो म्हणाले होते, २४व्या दिवशी आला. दुसऱ्या दिवशी त्याच मुलीने फोन करून समजावून सांगितला. निकाल काय आला ते मी इथे लिहिणार नाही. बहिणीच्या धाकट्या मुलीला स्थळं बघणं चालू आहे, आणि माझ्या रिपोर्टवरून लोक तिच्याविषयी अंदाज बांधतील.

आता संमतीपत्र. मराठीत एक पान, इंग्रजीत सहा पानं. मराठी पानावर चाचणी म्हणजे काय, रक्त किती घेणार, एवढंच. सही मात्र सहाव्या इंग्रजी पानाखाली घेतात. चौथ्या पानावर दीड ओळीचं एक वाक्य आहे. त्याचा अर्थ असा : कायद्यानुसार आवश्यक असल्यास किंवा सक्षम यंत्रणेने मागणी केल्यास नमुना आणि माहिती देण्यात येईल. पुढे लिहिलंय की उरलेला नमुना गुणवत्ता तपासणीसाठी आणि संशोधनासाठी ठेवण्यात येईल. किती दिवस, ते लिहिलेलं नाही. आणि कंपनी विकली गेली तर माहितीही नव्या मालकाकडे जाईल.

मी काउंटरवरच्या मुलीला विचारलं, यंत्रणा म्हणजे कोण? कुणाच्या सहीने देणार? दिल्याचं मला कळवणार का? ती बिचारी गोंधळली. "काकू, आजपर्यंत असं कुणी मागितलेलंच नाही." मॅनेजर आले, म्हणाले, फॉर्म सगळीकडे हाच असतो. दोघंही माझ्याशी नीट बोलले, पण उत्तर कुणाकडेच नव्हतं.

बहिणीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आक्का, आपल्या घरात कोण खुनी हाय? कशाला घाबरतीस?" बहुतेकांना हेच वाटेल, म्हणून मला जे माहीत आहे ते जरा सविस्तर लिहिते.

पोलिसांनी एखाद्या दवाखान्याकडून किंवा प्रयोगशाळेकडून कागद किंवा वस्तू मागायची तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ९४ आहे, पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते ९१ होतं. त्यानुसार न्यायालय समन्स काढू शकतं, आणि पोलीस ठाण्याचे प्रभारी अधिकारीही तपासासाठी गरज आहे असं वाटल्यास स्वतःच्या सहीने लेखी आदेश देऊ शकतात. न्यायाधीशाची सही लागत नाही. पण त्याच कलमात एक अपवाद आहे. पोस्टाच्या ताब्यातलं पत्र किंवा कार्ड असं मागता येत नाही. त्यासाठी कलम ९५ खाली जिल्हा दंडाधिकारी, मुख्य न्यायदंडाधिकारी, सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालय लागतं. म्हणजे मी बहिणीला गडहिंग्लजला पाठवलेलं पोस्टकार्ड वाटेत असताना त्याला जेवढं संरक्षण आहे, तेवढंही माझ्या रक्ताच्या नळीला नाही. ही दोन कलमं मी नोकरीत किती वेळा हाताळली असतील, पण स्वतःच्या नळीसमोर बसेपर्यंत ती शेजारी ठेवून वाचली नव्हती.

असा नियम आपल्याला करताच येत नाही, असंही नाही. एचआयव्हीच्या बाबतीत आपण केला आहे. २०१७च्या एचआयव्ही आणि एड्स कायद्यात माणसाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करायची तर, काही ठरावीक अपवाद सोडता, न्यायालयाचा आदेश लागतो, आणि न्यायासाठी ते आवश्यक आहे अशी न्यायालयाची खात्री व्हावी लागते. जनुकीय रिपोर्टला तसं काही नाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात गुन्ह्याचा शोध आणि तपास यांसाठी सूट ठेवलेली आहे. माहिती कशासाठी वापरताय ते सांगा, पुसून टाका, हे आपले हक्क तिथे बहुतांशी लागू होत नाहीत. शिवाय तो कायदा डिजिटल माहितीचा. फ्रीजमधली नळी त्यात कुठे बसते? डीएनए तंत्रज्ञानाचं नियमन करणारं विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं, स्थायी समितीकडे गेलं, समितीचा अहवाल २०२१ मध्ये आला आणि जुलै २०२३ मध्ये सरकारने ते मागे घेतलं. आरोपींच्या नमुन्यांपुरता २०२२चा फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा आहे. त्यात जैविक नमुने आणि त्यांचं विश्लेषण येतं, नोंदी ७५ वर्षं ठेवता येतात. आजारपणात दिलेल्या नमुन्याबद्दल वेगळं काही नाही.

गुन्ह्यातला नमुना आणि आजारपणातला नमुना वेगळे का धरायचे, तेही सांगते. गुन्ह्यातला डीएनए अहवाल म्हणजे साधारण वीसेक ठरावीक जागांचे आकडे. माणूस कोण हे त्यावरून ठरतं, त्याला कोणता आजार होणार हे सहसा कळत नाही. कोर्टात आम्ही ज्याला सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, म्हणायचो, त्यासोबत असेच तक्ते यायचे. माझी चाचणी उलट आहे. ती वाचतेच आजाराची जागा. शिवाय नळीत उरलेल्या रक्तातून पुढे काय वाटेल ते वाचता येतं, ओळखही आणि आजारही.

अमेरिकेतलं एक प्रकरण मला रात्रभर झोपू देईना. कॅन्सास राज्यात विचिटा शहरात डेनिस रेडर नावाच्या माणसाने १९७४ ते १९९१ या काळात दहा माणसं मारली. २००५ मध्ये पोलिसांचा त्याच्यावर संशय पक्का झाला, पण त्याला कळू न देता खात्री करायची होती. त्याच्या मुलीने विद्यापीठात शिकताना तिथल्या दवाखान्यात पॅप स्मिअर केलं होतं, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी. तो नमुना अजून ठेवलेला होता. पोलिसांनी न्यायालयाचा आदेश घेतला, नमुना नेला, नातं जुळलं, बाप पकडला गेला. मुलीला यातलं काहीच माहीत नव्हतं. दहा घरांना न्याय मिळाला, ते मी कधीही चूक म्हणणार नाही. पण ती पोर स्वतःच्या तब्येतीसाठी दवाखान्यात गेली होती. मीही त्याच कारणासाठी गेले. तिथे निदान न्यायाधीशाची सही घेतली होती. इथे तीही लागणार नाही.

न्यू जर्सीत तर नवजात बाळांच्या टाचेतून आजार शोधायला घेतलेलं रक्त सरकार २३ वर्षं ठेवत असे, आणि तसाच एक नमुना पोलिसांनी बाळाच्या वडिलांविरुद्धच्या तपासात वापरला. २०२२ मध्ये हे कोर्टात आलं. नंतर तो काळ दोन वर्षांवर आणावा लागला.

बहिणीच्या प्रश्नाचं उत्तर मात्र कॅलिफोर्नियाच्या प्रकरणात आहे. जोसेफ डीअँजेलो हा माजी पोलीस, १३ खून आणि कितीतरी बलात्कार. एप्रिल २०१८ मध्ये तो सापडला, कारण त्याच्या लांबच्या नातेवाइकांनी वंशावळीच्या हौसेने आपला डीएनए अशा हौशींच्या संकेतस्थळांवर टाकला होता. पण त्याच शोधात एक वर्ष आधी, ऑरेगनमधल्या वृद्धाश्रमातल्या ७३ वर्षांच्या एका आजारी माणसाचा नमुना घेतला गेला. एक दुर्मीळ खूण जुळली एवढंच कारण. त्याचा गुन्ह्याशी संबंध नव्हता. ज्यांच्या घरात खुनी नाही त्यांच्या दारातही तपास असा येतो. आमच्यासारख्या घरांत, जिथे मामाच्या मुली सुना होऊन येतात, तिथे अशा जुळणाऱ्या खुणा किती निघतील याचा विचार करा.

त्यानंतर अमेरिकेच्या न्याय खात्याने नोव्हेंबर २०१९ पासून धोरण लागू केलं : ही पद्धत गंभीर गुन्ह्यांत आणि इतर वाटा संपल्यावरच वापरायची, आणि नमुन्यातून माणसाच्या आजाराचा कल शोधायचा नाही. मेरीलँड राज्याने २०२१ मध्ये न्यायाधीशाची परवानगी सक्तीची केली. कंपनी विकली जाण्याचं म्हणाल तर, २३अँडमी ही डीएनए चाचणीची मोठी कंपनी मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिच्याकडे सुमारे दीड कोटी लोकांची माहिती होती. तेव्हा फॉर्मवरचं तेही वाक्य उगाच लिहिलेलं नसतं.

हे वाचून कुणी असं समजू नये की मी डीएनएच्या विरोधात आहे. मुद्देमाल खोलीत मी लाखेचं सील लावलेली पाकिटं सांभाळली आहेत. त्या पाकिटांमुळे लहान पोरींच्या गुन्हेगारांना शिक्षा होताना पाहिली, आणि विनाकारण आत बसलेला एक पोरगा सुटून आईच्या गळ्यात पडलेलाही पाहिला. म्हणूनच मला नमुन्याच्या प्रवासाची किंमत कळते. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कट्टावेल्लई खटल्यात सांगितलं की डीएनएचा नमुना ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचला पाहिजे आणि तो कुणाकुणाच्या हातातून गेला त्याची नोंदवही ठेवली पाहिजे. खटल्याच्या निकालपत्रात तर शेवटी मुद्देमालाचं काय करायचं त्याचाही आदेश असतो. अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करावा, असं लिहितात आणि आम्ही ते रजिस्टरला घेऊन करतो. खुन्याच्या रक्ताळलेल्या शर्टाला जो शेवट लिहून दिलेला असतो, तो माझ्या नळीला नव्हता.

तेव्हा मी सही करण्याआधी इंग्रजी फॉर्मच्या चौथ्या पानावर, त्या वाक्याशेजारी मराठीत लिहिलं : "माझा नमुना व अहवाल सक्षम न्यायालयाच्या लेखी आदेशाशिवाय कोणासही देऊ नये. आदेश आल्यास, कायद्याने मनाई नसेल तर, मला कळवावे. उरलेला नमुना अहवालानंतर ९० दिवसांत नष्ट करून लेखी कळवावे. संशोधनास माझी संमती नाही." मॅनेजर आधी नाही म्हणाले. मग मुख्यालयाला फोन केला. मी तासभर बसून राहिले. शेवटी दोन्ही प्रतींवर शिक्का मारून दिला. एवढं त्यांनी ऐकलं, याचे मार्क मी देते.

माझ्या हस्ताक्षराला कायद्यापुढे किती वजन आहे, हे मला ठाऊक आहे. उद्या कलम ९४चा आदेश आला तर सेंटरला तो पाळावा लागेल, नाहीतर न्यायालयात जाऊन दाद मागावी लागेल. पण निदान कुणी ओळखीचा हवालदार फोनवर "जरा रिपोर्ट पाठवा" म्हणाला तर काउंटरवरच्या मुलीला दाखवायला काहीतरी असेल. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं. आजारपणात दिलेल्या रक्तापर्यंत तो हक्क कसा पोचतो, हे कुणीतरी न्यायालयाला विचारायला हवं. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथे कोल्हापुरात, सीपीआर दवाखान्यासमोर आपल्याच जुन्या कोर्टाच्या इमारतीत बसतं. आमच्या वकील मंडळींना त्यासाठी आता रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडायला नको. मनावर घ्या, एवढीच विनंती.

रक्त काढणं आणि समुपदेशन यांना पाचपैकी पाच. काउंटरवर आधी मोठं पॅनल गळ्यात मारायला बघितलं, त्याचा एक कापते. संमतीपत्राला दोन, तेही शिक्का मारून दिला म्हणून. एकूण तीन. मराठी पान पूर्ण करा, इंग्रजीत जे सहा पानांत आहे ते सगळं त्यात येऊ द्या, आणि "सक्षम यंत्रणा"च्या जागी "न्यायालय" लिहा, मी स्वतः येऊन हे मार्क बदलेन.

९० दिवस कधीच उलटले. आज ११२वा दिवस. नमुना नष्ट केल्याचं पत्र आलेलं नाही. दोनदा मेल केला, विनंती संबंधित विभागाकडे पाठवली आहे असं उत्तर दोन्ही वेळा आलं. सोमवारी शिक्क्याच्या प्रतीची झेरॉक्स जोडून स्पीड पोस्टाने पाठवतेय.

धाकटी भाची विचारत होती, पत्र येईपर्यंत थांबू का. मी नाही म्हटलं. कॅन्सर पत्राची वाट बघत नाही, चाचणी करायचीच. येत्या शनिवारी साडेनऊची वेळ घेतली आहे, ती शुक्रवारी रात्री गडहिंग्लजहून माझ्याकडे मुक्कामाला येते. बसून सहाही पानं तिला मराठीत वाचून दाखवायची आहेत. वहिनीही येते म्हणालीय ऐकायला.